पुनवेला पाहणी, षष्ठीला गळ: ठाणे-नवी मुंबईच्या खाडीत जिताडा कसा शोधावा, कसा धरावा

रविवारी सुट्टी आहे म्हणून रविवारी खाडीवर जाणाऱ्याला जिताडा क्वचितच मिळतो. रॉड महागडा असतो, ल्युअरचा (नकली आमिषांचा) डबा भरलेला असतो. पण भर दुपारी भरती उलटते, पाणी चहासारखं गढूळ होऊन धावायला लागतं आणि संध्याकाळी काठापासून लांबवर नुसता चिखल उरतो. जिताडा कुठे बसतो आणि कधी तोंड उघडतो हे पाणी ठरवतं. पाण्याची वेळ तिथी ठरवते. म्हणून या लेखात तिथी आधी येते आणि गळ मागाहून.

हा मासा बसतो कसा

जिताडा, म्हणजे मुंबईच्या बाजारात काही जण ज्याला खजुरा म्हणतात तो, पाठलाग करणारा मासा नाही. तो दबा धरतो. पुलाचा खांब, तुटका बांध, कालवांनी माखलेला दगड, तिवरांची मुळं अशा कशाच्या तरी आडोशाला, वाहत्या पाण्याच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून तो उभा राहतो. समोरून कोळंबी किंवा बोईटाचं पिल्लू वाहत आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याला टोकदार सुळे नाहीत. तोंडाची आतली बाजू सँडपेपरसारखी खरखरीत असते. मात्र गालफडाची कड पात्यासारखी धारदार असते. पुढे लीडरची (गळाजवळच्या जाड दोरीची) जाडी आणि हाताळण्याची पद्धत या दोन गोष्टींवरून ठरते.

खारं, मचूळ आणि गोडं अशी तिन्ही पाणी तो सहन करतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर तिवरांत, नाल्यांत, खाजणातल्या भातशेतीत शिरतात आणि तिथे वाढतात. रायगडात पेण-अलिबागकडे ही पिल्लं शेततळ्यांत सोडून वाढवायची जुनी रीत आहे. मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढून पुढे मादी होतो. याचा अर्थ खाडीतला खरोखरच मोठा जिताडा बहुधा मादीच असतो.

तिथीचं गणित

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढायचा एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा; येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षाची तिथी प्रतिपदेपासून एक, दोन अशी मोजायची. पौर्णिमा आणि अमावास्या म्हणजे पंधरा. चतुर्थीला तीन वाजता भरती. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जायच्या दिवशी मुंबई बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच. मात्र महिना आधी सुट्टी टाकायची असेल तर कालनिर्णय आणि हे गणित पुरेसं आहे.

आता हे उजेडाशी जुळवून बघा. जिताडा खातो तो मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि काठावरून धरणाऱ्याला सगळ्यात फायद्याचं पाणी असतं ओहोटीचे पहिले अडीच-तीन तास. त्या वेळी तिवरांत चढलेलं पाणी नाल्यांतून परत निघतं आणि आत चरायला गेलेली कोळंबी, बोईट, खरबी त्याच्याबरोबर बाहेर येतात. जिताड्याला फिरायचं कारणच उरत नाही. नाल्याच्या तोंडाशी उभं राहिलं की झालं.

षष्ठीला साडेचारला भरती पूर्ण होते. पहाटे फटफटतं तेव्हा ओहोटीचा दुसरा तास चालू असतो. संध्याकाळी पुन्हा साडेचारला भरती आणि सूर्य बुडेपर्यंत ओहोटी ऐन भरात. शिवाय उधाण ओसरलेलं असल्यामुळे प्रवाह बेताचा असतो आणि गाळही कमी ढवळलेला. पंचमी, षष्ठी, सप्तमी हे तीन दिवस, दोन्ही पक्षांतले मिळून महिन्यात सहा. सुट्टी टाकायची तर यांतल्या दिवशी टाका.

उलट पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती. ओहोटी भर उन्हात, तीही धावती. उधाणाला मुंबईत भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला पाणी तळाशी लागतं. एवढं पाणी सहा तासांत जायचं म्हणजे तळाचा गाळ उचलला जाणारच. तिन्हीसांजेला, म्हणजे नेमक्या खायच्या वेळी, काठ कोरडा. अष्टमी-नवमीच्या भांगाला (सगळ्यात कमी चढउताराच्या भरतीला) पाणी निवळ दिसतं खरं, पण फारसं हलत नाही. जिताड्याच्या तोंडापुढे काही वाहून येत नाही आणि तो सुस्त राहतो. त्या दिवसांत जायचंच तर पुलाखाली किंवा जेट्टीशी, जिथे थोडंसं पाणीही अडून वळसा घेतं.

दशमी-एकादशीला भरती साडेसात-सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होते, म्हणून अंधार पडताना चढतं पाणी मिळतं. ते काठावरच्या माणसाला दुसऱ्या पसंतीचं. होडी असेल तर चांगलं.

आणखी एक दुरुस्ती. तक्त्यातली वेळ बंदराची असते. वाशी, ऐरोली, ठाणे असं आत जावं तशी भरती उशिरा पोचते आणि ओहोटीचा शेवट तर त्याहून उशिरा. नेमका फरक स्वतः मोजा: आपल्या जागेवरच्या एखाद्या खांबावर पाणी थांबल्याची वेळ दोन-तीनदा लिहून ठेवली की तो कायमचा कळतो. तिथी पंचांगात दिवसाच्या मधेच बदलते, तेव्हा सूर्योदयाची तिथी धरा.

पाहणीचा दिवस

पौर्णिमा-अमावास्येचा दिवस मासा धरायला वाईट, पण जागा शोधायला त्याच्यासारखा दुसरा नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी तळाला जातं, खाडीचं अंथरूण उघडं पडतं आणि अजून उजेड असतो. त्या दिवशी रॉड घरी ठेवा. मोबाईल, काठी आणि पाण्याची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा एवढंच घ्या. काठावरूनच बघायचं, चिखलात उतरायचं नाही.

बघायचं काय? आधी तिवरांतून निघणारा प्रत्येक नाला मोठ्या पात्राला कुठे मिळतो ते. जिथे मिळतो तिथे बहुतेक वेळा पाण्याने खड्डा कोरलेला असतो. आजूबाजूला घोटाभर पाणी आणि त्या खड्ड्यात कमरेएवढं, अशी जागा दिसली की फोटो काढा आणि काठावरची न हलणारी खूण धरा: विजेचा मनोरा, इमारत, जेट्टीचा कोपरा. आठवड्याने गळ घेऊन याल तेव्हा तिथे चार-पाच मीटर पाणी असेल, काहीच ओळखू येणार नाही. फोटो नसेल तर पाहणी वाया.

मग वळण बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ उभा कापलेला असतो आणि खोली तिथेच असते. आतल्या अंगाला गाळ साचतो. त्यानंतर टणक वस्तू: जुन्या बांधाचे दगड, मोडकी होडी, कालवांचे थर, काँक्रीटचे तुकडे. गाळाच्या खाडीत टणक वस्तू दुर्मीळ असते, म्हणून ती जिथे असेल तिथे मासा येऊन बसतो. आणि कोळ्यांचे डोल लावायचे खुंट कुठे आहेत तेही टिपून ठेवा. मासे तिथेही असतात, पण तिथे टाकायचं नाही. जाळं फाटलं तर पोट त्यांचं जातं.

नवी मुंबईत एक जागा अशी आहे जी इतर खाड्यांवर मिळत नाही. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे सिडकोने पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची झडपेची दारं बंद राहतात आणि ओहोटीला पाणी खाडीत सुटतं. खाजणातल्या जुन्या उघाड्या (बांधातली झडपेची दारं) याच तत्त्वावर चालतात. दार उघडल्यावर आतलं खाद्य एकाच धारेत बाहेर पडतं आणि त्या धारेच्या दोन्ही कडांना, जिथे दोन रंगांचं पाणी घासतं, तिथे जिताडा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अडचण एवढीच की यातल्या काही तोंडांतून सांडपाणीही येतं. फेस, काळं पाणी किंवा सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ती जागा सोडा: तिथे प्राणवायू कमी असतो, मासा राहत नाही आणि राहिलाच तर खाण्यालायक नसतो.

कुठल्या काठाला

ठाणे खाडी सुमारे 26 किलोमीटर लांब. दक्षिणेला मुंबई बंदरात रुंद उघडते आणि ठाण्याजवळ अरुंद होत उल्हास नदीला एका चिंचोळ्या वाटेने जोडली जाते. ऐरोलीच्या वर पात्र उथळ आणि गाळाचं. पावसाळा सोडला तर ताजं पाणी फारसं येत नाही. जिताड्यासाठी दक्षिणेची बाजू बरी: वाशी, सारसोळे, करावे, आणि त्याहून बरी बेलापूर-दिवाळे ते उलवे ही पनवेल खाडीची बाजू. उलवे नदीचा प्रवाह विमानतळाच्या कामात वळवला आहे, त्यामुळे तिकडचे जुने नकाशे आणि जुन्या माणसांनी सांगितलेली मुखं आता जशीच्या तशी सापडणार नाहीत. पाहणी नव्याने करावी लागते.

ठाणेकरांनी खाडीपेक्षा उल्हासचं पात्र धरावं, कोलशेत ते गायमुख. रेती उपशाने तिथे खोल डोह झाले आहेत आणि पाणी वाहतं असतं. गायमुखच्या पुढचं काठाचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. त्या हद्दीत शिरायचं नाही.

ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान पश्चिम काठाला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 साली जाहीर झालेलं. 2022 मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला. अभयारण्याच्या हद्दीत हौशी गळाला जागा नाही. तिवराची फांदी तोडून वाट करणं हा गुन्हा आहे, मग ती फांदी कितीही आड येत असो. पुलावर गाडी थांबवून गळ टाकू नका. जेट्टीवर जाण्याआधी गावात विचारा. दिवाळे, सारसोळे इथल्या कोळ्यांना विचारलं तर जागा तर कळतेच, पण कालच्या ओहोटीला डोलीत काय आलं हेही कळतं, आणि ती माहिती कुठल्याही ॲपपेक्षा ताजी असते.

सामान

इथे फार खर्च करायचं कारण नाही. सात ते आठ फुटांचा रॉड, 10 ते 30 ग्रॅम वजन फेकणारा, कण्याला ताठ आणि टोकाला जरा मऊ. 4000 आकाराचं स्पिनिंग रील. त्यावर 25 ते 30 पाउंडी ब्रेडेड (विणलेली) दोरी, किमान 150 मीटर. पुढे 50 पाउंडी मोनो किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर, साधारण एक मीटर. पुलाच्या खांबांपाशी किंवा कालवांच्या दगडात 60 पाउंडी.

लीडर पातळ ठेवला तर मासा जास्त लागतो असं सांगणारे भेटतात. आपल्या गढूळ पाण्यात दोरीच्या दिसण्याने फरक पडत नाही. खरखरीत तोंड आणि गालफडाची कड मात्र 30 पाउंडी लीडर दोन मिनिटांत किसून टाकते.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम, कारण ती रॉडच्या कड्यांतून अडकल्याशिवाय जाते. किमान 20 वेढे घाला, ओलं करा आणि दोन्ही टोकं हाताला फडकं गुंडाळून पूर्ण जोराने ओढा. वेढे आवळून रंग गडद झाला तर गाठ बसली. दोरी सरकली तर पुन्हा. अंधारात काठावर ही गाठ नीट बसत नाही, म्हणून घरून दोन-तीन लीडर बांधून न्या किंवा काठावरच्या दुरुस्तीसाठी साधी डबल युनी गाठ हाताला बसवून ठेवा.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीलमधून दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक, अंदाजाने लावू नका. दोरीच्या टोकाला मासे तोलायचा हँगिंग काटा अडकवून रॉड वाकवून ओढा. तीन किलोला दोरी सुटायला हवी. पहिल्याच झटक्याला जिताडा खांबाकडे धावतो, आणि तिथे दीड किलोचा ड्रॅग म्हणजे मासा गेला. सहा किलोचा ड्रॅग म्हणजे गळ सरळ झाला किंवा तोंड फाटलं.

ल्युअरमध्ये सुरुवातीला दोनच प्रकार पुरतात. एक, चार-पाच इंची शेपटी हलवणारं सॉफ्ट प्लॅस्टिक, 10 ते 20 ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर), गळ 4/0 किंवा 5/0 आणि जाड तारेचा. दुसरं, 10-12 सेंटिमीटरचं हार्ड ल्युअर, एक ते दीड मीटर बुडणारं. त्याचे कारखान्यातून आलेले तिहेरी गळ बहुधा कमजोर असतात. जाड गळ आणि मजबूत स्प्लिट रिंग घालून घ्या. रंगावर वाद घालण्यात अर्थ नाही. गढूळ पाण्यात गडद किंवा झळाळता सोनेरी, निवळीला पांढरा-रुपेरी. एवढं पुरे.

जिवंत आमिष

नवशिक्याने ल्युअरपेक्षा जिवंत आमिषानेच सुरुवात करावी असं आमचं मत आहे. जागा बरोबर आहे की चूक, हे आमिष लवकर सांगतं.

सर्वांत चांगली बोटभर लांबीची जिवंत कोळंबी. त्यानंतर 10-12 सेंटिमीटरचं बोईट. निवटीही चालते आणि ती टिकायला फार चिवट. पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकता येत असेल तर भरतीच्या शेवटी काठाच्या उथळात आमिष मिळतं; नसेल तर कोळीवाड्यात आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

15-20 लिटरच्या बादलीत आठ-दहा कोळंब्या, त्याहून जास्त नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप सतत चालू. पाणी खाडीचंच हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आमिष मरतं. उन्हात बादली ओल्या गोणपाटाने झाका आणि तासाभराने थोडं पाणी बदला. सगळं एकदम बदललं तर क्षारतेच्या आणि तापमानाच्या फरकाने निम्मी मरतात.

कोळंबी अडकवताना डोक्यातला काळा ठिपका चुकवून, शिंगाच्या मुळाशी आडवा गळ घाला; ती तासभर पोहते. ठिपक्यात गेला की लगेच मरते. बोईटाला वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराच्या पुढे, कण्याच्या वरून. गळ सर्कल प्रकारचा, म्हणजे टोक आत वळलेला: कोळंबीला 3/0 किंवा 4/0, बोईटाला 5/0 किंवा 6/0. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. आमिषाच्या मांसात टोक लपलं तर सर्कल गळ काम करत नाही.

मांडणी दोन प्रकारची. टणक तळ आणि वाहतं पाणी असेल तर मुख्य दोरीत मधून भोक असलेलं गोल शिसं सरकतं ठेवा, खाली मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), मग 60 सेंटिमीटर लीडर आणि गळ. शिसं तळाला जेमतेम टिकेल एवढंच, 15 ते 40 ग्रॅम. मऊ गाळ असेल तर शिसं आणि आमिष दोन्ही रुततात, आणि ते काटेरी शिंगाळ्यांनाच आमंत्रण होतं. तिथे फ्लोट लावा आणि आमिष तळापासून हातभर वर राहील अशी खोली बांधा. तिवरांच्या कडेला आणि नाल्याच्या तोंडाशी आम्ही फ्लोटच सुचवू: प्रवाह त्याला हळूहळू तोंडासमोरून नेतो, अगदी खऱ्या कोळंबीसारखा.

टाकायचं कसं

पाणी उलटायच्या अर्धा तास आधी पोचा. नाल्याच्या तोंडासमोर उभं राहू नका. प्रवाहाच्या खालच्या बाजूला, आठ-दहा मीटर दूर थांबा. पावलांचा धपधप आवाज पाण्यात जातो. टॉर्च पाण्यावर मारू नका.

जिताड्याचं तोंड प्रवाहाकडे असतं, म्हणून ल्युअर त्याच्याकडे प्रवाहाबरोबर आला पाहिजे. वरच्या बाजूला तिरका फेका, तळाला टेकू द्या. दोरी सैल पडली की टेकला समजा. मग रॉडचं टोक हातभर उचला, रीलचे दोन फेरे, आणि दोरी किंचित ताणलेली ठेवून पुन्हा पडू द्या. झेल बहुतेक वेळा पडतानाच होते. म्हणून पडताना दोरी पूर्ण सैल सोडणाऱ्याला मासा लागल्याचं कळतच नाही. वेग रीलच्या सेकंदाला एका फेऱ्याच्या वर नको. अंधार जास्त तेवढा हळू.

पहिला फेक तोंडाच्या जवळच्या कडेला, मग धारेच्या मध्ये, मग पलीकडच्या कडेला. लगेच लांब फेकायचा मोह होतो, आणि त्या फेकीत दोरी जवळच्या माशाच्या डोक्यावरून जाऊन तो बुजतो. एका जागेवर 15-20 फेकी, कोन बदलून. काही नाही तर पुढच्या नाल्यावर जा, आणि ओहोटीच्या तिसऱ्या तासाला परत येऊन पहिली जागा पुन्हा तपासा, कारण पाणी उतरल्यावर मासा तोंडापासून बाहेरच्या खड्ड्यात सरकलेला असतो.

रात्री जेट्टीच्या दिव्यांखाली उजेडाच्या मधोमध कोळंबी उडताना दिसते. तिथे टाकू नका. मासा अंधारात उभा राहून उजेडाकडे बघत असतो. आमिष सावलीच्या कडेवरून जाऊ द्या.

लागल्यावर

सर्कल गळावर झटका मारायचा नाही, हे हाताला शिकवायला वेळ लागतो. फ्लोट बुडाला की टोक माशाकडे करा, दोरी ताणली जाईपर्यंत थांबा आणि मग नुसतं रील फिरवत रॉड उचला; गळ तोंडाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. ल्युअरवर मात्र उलट: ठप्प असा ठोका आला की लगेच ठाम ओढ.

पहिले दहा सेकंद निर्णायक. रॉड खांबाच्या किंवा मुळांच्या विरुद्ध बाजूला आडवा धरून माशाचं डोकं वळवा. मोकळ्या पाण्यात आला की घाई संपली. जिताडा वर येऊन डोकं झाडतो, उडी मारतो. तो वर येतोय असं दोरीच्या कोनावरून दिसलं की रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या. वर धरलेल्या रॉडमुळे उडीत गळ उडतो.

काठाशी जाळी हवी, रबरी किंवा गाठी नसलेली. मासा जाळीत डोक्याकडून घ्यायचा. बोटं गालफडात घालू नका. खालचा ओठ ग्रिपने पकडा आणि दुसरा हात पोटाखाली. मोठा मासा नुसत्या जबड्यावर उभा लटकवला तर कणा आणि जबडा दुखावतो. मीटरच्या आसपासची मादी सोडून द्यावी असा आग्रह आहे: प्रवाहाकडे तोंड करून धरा, गालफडं नीट हलू लागली आणि शेपटीने ढकललं की सोडा. पुढेमागे हलवत बसायची गरज नाही.

बिनसतं कुठे

शिंगाळाच लागतोय: आमिष तळाला पडलंय किंवा मेलंय. फ्लोटची खोली कमी करा. शिंगाळा काढताना पाठीचा आणि छातीजवळच्या दोन पराचे काटे सांभाळा. टोचलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. विष उष्णतेने निकामी होतं आणि ठणका उतरतो. काटा आत मोडला किंवा सूज चढत गेली तर दवाखाना.

ठोका येतो, मासा लागत नाही: बहुतेकदा लहान मासा शेपूट ओढतोय, नाहीतर गळ बोथट आहे. गळ नखावर टेकवा. घसरला तर कानस लावा किंवा बदला.

लीडर तुटतो: प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर दोरी बोटांतून फिरवा. खरखरीत लागली की कापून पुन्हा बांधा. हा आळस सगळ्यात महाग पडतो.

ल्युअर सतत अडकतो, वर प्लॅस्टिकची पिशवी येते: आपल्या खाडीत हे होणारच. जिगहेडचं वजन कमी करा, तळाला घासू नका. पौर्णिमेचे फोटो पुन्हा बघा.

मासे उडताना दिसतात पण घेत नाहीत: ती बोईटं असू शकतात. जिताड्याचा आवाज वेगळा, पोकळ ‘टप्प’ असा, आणि तो आडोशाजवळून येतो.

लेपी हवी असेल तर

चपट्या माशांचा शौक असणाऱ्यांसाठी थोडक्यात. लेपी वाळूमिश्र गाळावर अंग टाकून पडते, तोंड लहान आणि खालच्या अंगाला. म्हणून सगळंच लहान: 8 किंवा 10 नंबरचा गळ, 10 पाउंडी लीडर, सोललेल्या करंदीचा तुकडा किंवा गाळातला किडा, आणि आमिष तळालाच. चढत्या पाण्यात काठाच्या उथळावर टाका, मिनिटाला वीतभर ओढा. ओढ जड पण निर्जीव वाटते. झटका न देता मोजून पाच सेकंद थांबून उचला. भाकस हा मोठा चपटा मासा बाहेरच्या समुद्रातला. खाडीत त्याची वाट बघू नका.

मोसम आणि मर्यादा

चांगले मोसम दोन: पावसाच्या आधी एप्रिल-मे, आणि पाणी निवळल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात. थंडीत मासा मंदावतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. काठावरचा गळ त्यात येत नसला तरी हाच अंडी घालण्याचा काळ आहे, आणि उधाण-पावसात खाडीचा काठ धोक्याचाही.

चिखलात पाय घातला की गुडघ्यापर्यंत जातो आणि भरती माणसाची वाट बघत नाही. एकट्याने जाऊ नका. गमबूट रुतून बसतात. नाडीचे जुने बूट बरे. होडीत आणि निसरड्या जेट्टीवर लाइफ जॅकेट. कुणी रुतलाच तर त्याने मागे रेलून, वजन पसरून एकेक पाय सोडवायचा, आणि काठावरच्याने दोरी किंवा फळी द्यायची. स्वतः उतरायचं नाही.

खाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खाडीच्या पूर्व काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे आणि दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी याच पाण्यात येतं. मोठा, वयस्क शिकारी मासा अंगात पारा साठवतो. म्हणून खायला दीड-दोन किलोचा मासा ठेवावा, तोही दक्षिणेच्या वाहत्या पाण्यातला, अधूनमधून. गरोदर बायका आणि लहान मुलांना खाडीचा जिताडा देऊ नये. चिरताना रॉकेलसारखा वास आला तर मसाल्याने तो झाकत बसू नका, टाकून द्या.

ठेवायचा मासा लगेच मारा, गालफडाखालची शीर कापून पाच मिनिटं खाडीच्या पाण्यात रक्त जाऊ द्या. मग दोन भाग बर्फ, एक भाग पाणी आणि मूठभर मीठ अशा गाऱ्यात पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने मऊ होतो. घरी पोचल्यावर रीलवर नळाची बारीक धार सोडा, ड्रॅगची चकती आधी घट्ट आवळून, नाहीतर मीठ आत जातं. पुसून झाल्यावर ती सैल करून ठेवा, म्हणजे आतल्या वॉशर दबून राहत नाहीत.